तोंड धुऊन ये

"तोंड धुऊन ये" असं दुसऱ्या कुणी दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं, तर महाडात भांडण जुंपलं असतं. मंजुळाबाई मात्र ते रोज सकाळी तीस-चाळीस जणींना तोंडावर म्हणायच्या, आणि वर कंपनी त्यांना त्याचा पगार द्यायची!

कंपनी औषधाच्या गोळ्यांची, महाडच्या औद्योगिक वसाहतीतली. गोळ्या पाकिटात भरायच्या हॉलमध्ये जायचं तर अंगभर पांढरा कोट, टोपी आणि मास्क चढवायचा. तोंडाला पावडर नको, डोळ्यांत काजळ नको, नखांना रंग नको, टिकलीसुद्धा नको. एखादा कण गोळ्यांत पडला तर सगळा माल बाद. त्या हॉलच्या दारात साबणाची बाटली घेऊन उभी असलेली बाई म्हणजे दासगावच्या मंजुळाबाई. अठरा वर्षं तिथंच. पोरी त्यांना पाठीमागे 'साबणआत्या' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

साबणआत्यांचा राग एकाच गोष्टीवर, तो म्हणजे मोबाइल. पूर्वी पोरींच्या तोंडावरचं नुसत्या पाण्यानं निघायचं. आता रील बघून असलं काही फासून येतात की साबणही हात टेकतो. त्यातली सलोनी तर हद्दच होती. पोलादपूरकडची पोरगी, बिरवाडीत दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. कामाला चपळ, रंगानं सावळी, नाकीडोळी नीटस. पण रीलमधल्या कुठल्याशा बाईनं तिच्या डोक्यात भरवलं की सावळं असणं हा एक आजारच आहे आणि त्यावर ट्यूब मिळते. सलोनीनं ती मागवली. आठ दिवस चेहरा चकाकला, मग लाल झाला, मग गालाचं साल निघायला लागलं. तरी हिचं चोळणं चालूच!

मंजुळाबाईंनी एकदा ती रील मागून घेतली आणि चष्मा पुसून नीट बघितली.

"हिच्या कातडीला एक भोक नाय," त्या म्हणाल्या. "मग हिला घाम कुठनं येतो गो?"

सलोनी हसली, पण ट्यूब काही सुटली नाही. आणि इथंच घोडं पेंड खात होतं. दारावरच्या पाटीवर आणखी एक नियम होता: चेहऱ्यावर जखम किंवा चट्टा असेल तर आत प्रवेश नाही. मंजुळाबाईंनी जड मनानं तिला दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा परत गेली की कंत्राटदार तिचं नाव काढणार होता.

तो तिसरा दिवस आणि मुंबईचे पाहुणे एकाच सकाळी उगवले. सलोनी गाल ओढणीत लपवून दाराजवळच्या बाकावर बसली होती. मंजुळाबाईंनी चट्टा पाहिला होता, पण वहीत लिहायला त्यांचा हात होईना. पेन कुठं गेलं कुणास ठाऊक, असं त्या मोठ्यानं म्हणत होत्या. पेन त्यांच्या खिशातच होतं.

तेवढ्यात ऑफिसातले मुकुलसाहेब आले. महिला दिनाला गेटवर 'आमच्या भगिनी' असं पोस्टर लावायचं होतं, त्याचा फोटो हॉलमध्ये काढायचा होता, आणि त्यासाठी भगिनी मुंबईहून मागवली होती. चैत्राली नावाची मॉडेल. आत चाळीस भगिनी राबत असताना ही बाहेरची कशाला, हे मंजुळाबाईंना काही कळलं नाही. पाहुणी दारात येऊन उभी राहिली. पापण्या बोटभर, आणि चेहरा असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल.

"तोंड धुऊन या," मंजुळाबाई म्हणाल्या. पाहुणी म्हणून 'या'.

मुकुलसाहेब लालेलाल झाले. त्यांना वाटलं, बाईनं पाहुणीची लायकीच काढली. मंजुळाबाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. पाटीखाली सही साहेबांचीच होती. चैत्रालीला मात्र हसू फुटलं आणि ती नळावर गेली.

वीस मिनिटांनी आली ती निराळीच. डोळ्यांखाली काळं, आणि डाव्या गालावर साल निघालेला लाल चट्टा. ते बघताना सलोनीची ओढणी गालावरून कधी सुटली ते तिलाच कळलं नाही.

"तुम्हालाही हाय?" तिनं विचारलं.

"रोज थापून थापून होतंच," चैत्राली म्हणाली. "आमची तोंडं फोटो काढल्यावर धुतात. कंप्युटरवर."

मुकुलसाहेबांना घाई होती. मास्क लावला की चट्टा कुठं दिसतोय, सोडा यांना आत, असं त्यांनी फर्मावलं. अठरा वर्षांत मंजुळाबाई साहेबाला उलट बोलल्या नव्हत्या. आज मात्र त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"चट्टा तो चट्टा, साहेब. हिला सोडायची तर सलोनीला पण सोडायला लागंल. नायतर दोघींना भाईरचं काम द्या."

बाहेरचं काम म्हणजे खोक्यांचं. तिथं बंद पाकिटं यायची, त्यामुळे कुणाच्या गालाची चौकशी नव्हती. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. सलोनीचं नाव वाचलं, फोटोही खोक्यांपाशीच निघाला, दोघी शेजारी शेजारी. ट्यूब त्याच दिवशी कचऱ्याच्या डब्यात गेली. या खेपेला कुणाला काही सांगावं लागलं नाही.

महिला दिनाला गेटवर पोस्टर लागलं. चट्टे गायब, गाल लख्ख, सलोनी तर ओळखू न येण्याइतकी उजळ. पहिल्या शिफ्टच्या बसमधून उतरलेल्या बाया बघत राहिल्या. मॉडेलशेजारची ही दुसरी पाहुणी कोण, असं एकीनं विचारलं, तेही खुद्द सलोनीलाच!

सलोनी पोस्टरसमोर थोडा वेळ उभी राहिली. महिन्यापूर्वी हाच चेहरा मिळावा म्हणून तिनं नोकरी पणाला लावली होती.

"तोंड धुऊन ये गो," ती पोस्टरला म्हणाली आणि हॉलकडे वळली.

खोक्यांवरचे दिवस संपले होते. दारात मंजुळाबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. गाल सावळा, चट्ट्याच्या जागी पुसटसा डाग, आणि नाकाच्या शेंड्यावर घामाचे चार थेंब.

"जा आत," त्या म्हणाल्या.