आण्णांसाठी कीबोर्ड

आण्णांचं स्वरयंत्र काढलं त्या दिवशी मी मिरजेच्या दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये दोन इडल्या खाल्ल्या. चटणी परत मागून घेतली. डॉक्टरांनी आधी सगळं समजावलं होतं. घशाचा कॅन्सर आहे, आवाज जाणार, गळ्याला पुढून भोक राहणार आणि श्वास तिथूनच घ्यायचा. मी मान डोलावून सह्या केल्या. तेव्हा काही वाटलं नाही. पुढंही बरेच दिवस वाटलं नाही. औषधं, ड्रेसिंग, विम्याचे कागद, सगळं वेळच्या वेळी करत होते.

आण्णा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी सैन्यात क्लार्क म्हणून केली आणि निवृत्त झाल्यावर मलकापुरात घर बांधलं. मी कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. त्यांना घरी आणलं तेव्हा महिन्याची रजा टाकून मीही मलकापूरला राहिले.

बोलायला म्हणून आधी पाटी आणली. पण त्यांचा हात कापायचा, अक्षर लागायचं नाही. लागलं नाही की ते पाटी कॉटवर आपटायचे. मोबाईलवर बोट एका अक्षरावर टेकलं की शेजारचं उमटायचं. मग मी माझा जुना लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. दहाही बोटं आपापल्या जागी गेली आणि पहिल्यांदा अख्खं वाक्य आलं, 'पाटी फेकून दे.' इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की पडद्यावर मराठी उमटायचं.

पण लॅपटॉप जड, खालून तापायचा, आणि पडदा फक्त त्यांनाच दिसायचा. वायरलेस कीबोर्ड घेतला तर तो मांडीवर आणि लॅपटॉप समोर टीपॉयवर ठेवता येईल, असा विचार करून मी स्वस्तातला एक ऑनलाइन मागवला. दिसायला चकचकीत, पण बटणं चपटी. त्यात भर म्हणजे जरा वेळ हात थांबला की तो झोपी जायचा आणि पुढचं पहिलं अक्षर गिळायचा. आण्णांनी पाणी मागायला 'pani' टाइप केलं की p गळून नुसतं 'आणि' उमटायचं.

"आणि काय, आण्णा?" मी विचारायची.

त्यांचा चेहरा लाल व्हायचा. दोन दिवस मला कळलंच नाही.

पुढच्या तपासणीला मिरजेला गेलो तेव्हा परत येताना सांगलीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात दुसरा कीबोर्ड घ्यायला थांबलो. आई बरोबर होती. आण्णांच्या गळ्याला रुमाल गुंडाळलेला. दुकानदार मोठ्यानं म्हणाला, "काका, कसला पायजे?"

"त्यांना ऐकू येतं," मी म्हटलं. "बोलता येत नाही."

तो ओशाळला. त्यानं पहिला काढला तो रंगीत दिवे लागणारा. आण्णांनी एका बोटानं बाजूला सरकवला. दुसरा पातळ होता. आण्णांनी त्याच्याकडं न बघता दोन्ही तर्जन्या मधल्या ओळीवर फिरवल्या. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, तो हाताला लागला की बाकीची बोटं न बघता जागा पकडतात. या पातळ कीबोर्डवर तो उंचवटा लागेना. आण्णांनी मान हलवली.

तिसरा काळा, जाडसर, मागून थोडा उचललेला. बटणं मधोमध किंचित खोलगट. दुकानदारानं नखाएवढा रिसीव्हर आपल्या लॅपटॉपला लावला. आण्णांनी डोळे मिटले आणि टाइप करायला लागले. इंग्रजीत रजेचा अर्ज होता. आई आजारी असल्याने दहा दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती. जवानांसाठी असे किती अर्ज त्यांनी टाइप केले असतील कुणास ठाऊक. एकही चूक नव्हती.

"काका लय फास्ट हायत की ओ!" दुकानदार म्हणाला.

आण्णांनी हात उचलून मांडीवर ठेवले. एक मिनिट गेलं, चार गेली.

"काय झालं?" दुकानदारानं मला विचारलं.

"कीबोर्ड झोपतोय का बघतायत."

मग त्यांनी टाइप केलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत अख्खं 'pani' आलं. दुकानदारानं धावत जाऊन बाटली आणली. आण्णांनी ती हातानं परत केली आणि कीबोर्डच्या खोक्यावर बोट ठेवलं.

घरी टीपॉयवर लॅपटॉप मांडला, अक्षर मोठं केलं. पण आईला वाचता येत नाही. तिचं लहानपण माणदेशात मेंढरांमागं गेलं. त्यामुळं वाचायचं काम माझ्याकडं आलं. आण्णा टाइप करत, मी जसंच्या तसं वाचत असे.

"मला चहा पाणचट लागतोय."

"आवं, दूधच पातळ हाय, मी काय करू?" आई माझ्याकडं न बघता त्यांना म्हणायची.

मी घड्या घालता घालता वाचायची, भाजी चिरता चिरता वाचायची. शब्द माझ्या तोंडातून जात, कानापर्यंत पोचत नसत. रजा संपायला दोन दिवस होते. दुपारी आई मेथी निवडत होती. पडद्यावर ओळ आली आणि मी वाचली, "पोरीनं अजून एक टिपूस गाळलं नाही. दवाखान्यापासून बघतोय. तिला काय झालंय, विचार."

शेवटचा शब्द वाचून झाल्यावर मला कळलं, पोरगी म्हणजे मी.

आईचा हात थांबला. "व्हय, मीबी बघतीया. काय झालंय गं तुला?"

मी खरंच शोधून पाहिलं. सांगण्यासारखं काही सापडलं नाही.

"काही नाही," मी म्हटलं.

बटणं वाजली. पडद्यावर एकच शब्द होता. तोही मी वाचला, "खोटं."

आईनं मेथीची जुडी अर्धी करून माझ्यापुढं ठेवली. "बस हितं," म्हणाली. मी बसले. पानं खुडू लागले. मला रडू आलं नाही, पण तिथून उठावंसंही वाटलं नाही. सगळी जुडी निवडून झाली तरी मी तशीच बसून होते.

आता मी कुपवाडला असते. आण्णा लॅपटॉपवरून माझ्या फोनवर मेसेज पाठवतात आणि मी आईला फोन लावून वाचून दाखवते. दोघं एकाच खोलीत असतात. परवा जेवणाच्या सुट्टीत मेसेज आला, तसा मी लगेच फोन केला.

"पंखा बारीक कर, मला गार लागतंय."

"तुला?" आई म्हणाली.

"आण्णांना गं."

"मग तसं सांग की," म्हणत तिनं फोन ठेवला, आणि मी डबा उघडला.