आवाज स्वच्छ करताना

मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की बायकोच्या घशात कॅन्सरची गाठ आहे, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. मी हिशेबाचा माणूस, माधवनगरच्या एका मिलच्या ऑफिसात जमाखर्च जुळवण्यात वर्षं गेलेली. अशा वेळीही मी विचारलं, "आवाज किती टक्के राहील?" ते म्हणाले, "काहीच राहणार नाही." बायकोनं मात्र त्यांना काही विचारलं नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मग आईंचं कसं व्हायचं?"

आई म्हणजे माझी आई. काचबिंदूनं तिची दृष्टी पूर्ण गेली होती. सांगलीतल्या आमच्या तीन खोल्यांत ती भिंतीला हात न लावता वावरायची, ते बायकोच्या आवाजाच्या आधारावर. "आई, दारात बादली आहे." "आई, पाट ओढलाय, बसा." "ताट ठेवलंय. डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, वाटीत आमटी." ताट वाढण्याची आपली रीत ठरलेलीच असते, मीठ कुठं आणि कोशिंबीर कुठं हे आईला आयुष्यभर माहीत होतं. तरी बायको दर वेळी सांगायची आणि ते ऐकल्याशिवाय आईचा हात ताटाकडे जायचा नाही.

आईला हे सांगायचं नाही, असं आम्ही मिरजेहून परत येतानाच बसमध्ये ठरवलं. कारण होतं. माझे वडील मिरजेच्या दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. तेव्हा आईला दिसेनासं झालेलंच होतं, तिथं तिची गैरसोय होईल म्हणून आम्ही तिला घरीच ठेवलं होतं. त्यानंतर मिरजेचं नाव निघालं की ती पुढ्यातलं ताट सरकवायची. म्हणून बायको ऑपरेशनसाठी गेली की ती साताऱ्याला माहेरी गेली असं सांगायचं आणि परत आली की घसा बसलाय म्हणायचं. पण घसा किती महिने बसलेला राहणार, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

ते उत्तर मला कॉम्प्युटरमध्ये सापडलं असं वाटलं. मिलचं काम कमी झालं होतं, म्हणून दोन-तीन दुकानांचे हिशेब मी घरी करायचो. त्यासाठी नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी एक कॉम्प्युटर घेतला होता. त्यात साउंड कार्ड होतं, दोन छोटे स्पीकर होते. बायकोची रोजची वाक्यं रेकॉर्ड करायची, त्यांचे वेगवेगळे तुकडे करून ठेवायचे आणि जेवणाच्या वेळी हवा तो तुकडा लावायचा. आईला फक्त ऐकूच तर येतं, मग तिला काय कळणार आहे?

प्रश्न सॉफ्टवेअरचा होता. कॉम्प्युटरबरोबर आलेला रेकॉर्डर एका वेळी एकच मिनिट रेकॉर्ड करायचा. त्यात वाक्याचं पुढचं-मागचं कापता यायचं, पण अंदाजानं. 'भाजी'तला 'भा' हमखास जायचा. ज्यानं कॉम्प्युटर बसवला त्या दुकानदाराकडे गेलो. त्यानं खणातून एक सीडी काढली. तिच्यावर पेनानं नाव लिहिलेलं होतं.

"ही घ्या साहेब. ऑर्केस्ट्रावाले हेच वापरतात. सगळं करतंय."

"ओरिजिनल आहे का?"

"ओरिजिनलला काय सोनं लावलेलं असतंय काय? सांगलीत कुणाकडे ओरिजिनल असलं तर मला दाखवा, मी त्याच्या पाया पडतो."

मी सीडी परत दिली. चोरीचा माल घरात नको होता. शेवटी कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर एक प्रोग्रॅम मिळाला. चालवून बघण्यासाठी दिलेला, पण रीतसर. त्यात आवाजाची आकृती लांबलचक पट्टीसारखी दिसायची, हवं तिथं मोठी करून अचूक कापता यायची. शिवाय नुसत्या पंख्याची घरघर त्याला ऐकवली की तो बोलण्यातून तेवढी घरघर वजा करायचा. अट एकच, एकदा चालू केला की आपण निवडलेली दोनच कामं करू द्यायचा. कापणं आणि सेव्ह करणं घेतलं तर स्वच्छ करणं मिळायचं नाही. मग बंद करून पुन्हा चालू करायचा. मी ते मान्य केलं. जागेचा हिशेबही मांडला. उत्तम दर्जाचा स्टिरिओ आवाज एका मिनिटाला दहा एमबी खातो. आपल्याला एकच स्पीकर लावायचा, म्हणजे पाच. दर्जा थोडा उतरवला तर अडीच. तेवढ्यात भागत होतं.

बायको माझी ही खटपट बघत होती. ती म्हणाली, "दुकानदाराची कॉपी चोरीची म्हणून नको. आणि आईंना फसवायचं ते चालतं?"

"ते तिच्या भल्यासाठी आहे."

"दुकानदारही तुमच्या भल्यासाठीच देत होता की."

पण तीही तयार झाली. दुसरं काही तिलाही सुचत नव्हतं.

संध्याकाळी शेजारच्या काकू आईला हरिपाठासाठी देवळात न्यायच्या. तेवढा वेळ आमचा. डॉक्टरांनी बायकोला कमी बोलायला सांगितलं होतं, म्हणून चाचण्या मी माझ्याच आवाजात घ्यायचो. माझा आवाज जोरकस, तिचा दिवसेंदिवस खोल जात चाललेला. माझ्या आवाजावर लावलेलं रेकॉर्डिंगचं माप तिला पुरायचं नाही. मग सगळं पुन्हा. एकदा ती चिडून म्हणाली, "तुमचं एक-दोन-तीन संपेपर्यंत माझा आवाज संपेल." ते खरं होतं. पट्टीवर तिच्या वाक्यांची आकृती दर खेपेला बारीक होत होती.

वाक्यं मात्र तिनंच ठरवली. "मेथी, पालक, वांगं, दोडका... कारलं नको. आईंना आवडत नाही, मी नसताना तुम्ही मुद्दाम कराल."

"आणखी काय?"

"हो. नाही. आले. बघते." मग म्हणाली, "भांडणाची वाक्यं नाही का घ्यायची? चार दिवस भांडले नाही तर आईंना शंका येईल."

मी हसलो, पण ती वाक्यं घेतली नाहीत. काय बोलून भांडायचं हे आधी ठरवून कसं ठेवणार?

माइक स्वस्तातला होता. तिच्या बोलण्यापेक्षा हातातल्या काचेच्या बांगड्याच त्यात जास्त वाजायच्या. तिची बोलताना हात हलवायची सवय. पंख्याची घरघर एकसारखी असते म्हणून वजा होते, बांगड्या मध्येच कधीही किणकिणतात, त्या प्रोग्रॅमला वजा करता येईनात. मी म्हटलं, "रेकॉर्डिंगपुरत्या काढून ठेव."

"ते जमणार नाही," ती म्हणाली. मग तिनं, कणीक मळताना सारतात तशा, बांगड्या कोपराकडे घट्ट सारल्या आणि वरून रुमाल गुंडाळला. त्या दिवसापासून रेकॉर्डिंग सुरेख यायला लागलं. पंखा नाही, रस्त्यावरची रिक्षा नाही, बांगड्या नाहीत. नुसता तिचा घोगरा, स्वच्छ आवाज. मला समाधान वाटलं, हे आज लिहितानाही अवघड वाटतं.

ऑपरेशनला आठवडा राहिला तेव्हा आम्ही प्रयोग करून बघायचं ठरवलं. एक स्पीकर लांब वायर जोडून स्वयंपाकघराच्या दारात ठेवला. आई मधल्या खोलीत पाटावर बसली होती. ताट मी पावलं न वाजवता तिच्यापुढे ठेवलं, मी अजून ऑफिसातच आहे असं तिला वाटत होतं. बायको दारात उभी होती, बांगड्या वर सारून, रुमाल बांधून, हात छातीशी धरून. मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि बटण दाबलं.

"आई, ताट ठेवलंय."

आईनं मान वर केली. हात मांडीवरच राहिला.

मी दुसरं लावलं. "डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी."

"गं," आई म्हणाली, "हातात बांगड्या न्हाईत व्हय तुझ्या?"

या प्रश्नाला आमच्याकडे तुकडा नव्हता. घाईत माझं बोट चुकलं आणि स्पीकरमधून आवाज आला, "हो."

आईच्या स्वतःच्या हातात वडील गेल्यापासून बांगड्या नव्हत्या. तिनं दोन्ही हात उचलून डोक्याला लावले. "आवाज असा कशानं झालाय तुझा? रडलीस तू? माझा ल्योक कुठं हाय? आगं बोल की, ल्योक कुठं हाय माझा?" आणि तिनं मला नावानं हाक मारली. लहानपणी ओढ्यावर उशीर झाला की मारायची तशी, गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं.

मी तिच्यापासून पाच-सहा हातांवर बसलेला होतो. श्वाससुद्धा वाजू नये म्हणून तोंड मिटून बसलो होतो, ते उघडेना. बायकोच धावली. रुमाल सुटला, सगळ्या बांगड्या मनगटावर आल्या, तिनं आईचे हात धरले. "आहेत, आई, आहेत ते! इथंच बसलेत. अहो, बोला ना काहीतरी!"

"आई, मी आहे," मी म्हणालो. मला तिच्याजवळ जाऊन बसावं लागलं. तिनं माझा चेहरा चाचपला, मिशीसुद्धा.

त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायकोनंच तिला सगळं सांगितलं, जितका आवाज होता तितक्यात. आईनं तिच्या गळ्यावर बोटं फिरवली, गाठीपाशी थांबवली.

"कवा हाय?"

"सोमवारी."

"मिरजंला?"

"हो."

मला वाटलं, आता ताट सरकवेल. तिनं ताट ओढून घेतलं. मग माझ्याकडे, म्हणजे माझा आवाज आला होता त्या बाजूला, तोंड करून म्हणाली, "आन् तू मला रेडिओच्या हातनं जेवाय घालनार व्हतास?"

मी स्पीकरची वायर गुंडाळू लागलो.

"सोमवारी मीबी येनार. मागच्या टायमाला मला घरात ठिवलंसा. मानूस गेल्याचं मला दुसऱ्याच्या तोंडनं कळलं."

"आई, तिथं तुझी गैरसोय..."

"हितं लय सोय केलीयास की तू."

सोमवारी ती आली. ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी आणि ती बसलो. आत नेण्याआधी नर्सनं बायकोच्या बांगड्या उतरवायला लावल्या. दोन निघेनात, साबण लावून काढल्या. नर्सनं त्या रुमालात बांधून माझ्यापुढे धरल्या, तर आईनं हात पुढे केला. "माझ्याकडं द्या." पूर्ण वेळ ते गाठोडं तिच्या मांडीवर होतं. ती ते हलू देत नव्हती. मी मनातल्या मनात रक्ताच्या बाटल्या, खोलीचं भाडं, रजेचे दिवस अशा बेरजा करत होतो आणि एकही जुळत नव्हती.

बायको शुद्धीवर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. गळ्याला पट्ट्या, नळी, डाव्या हाताला सलाईन. तिचे ओठ हलले. काहीच आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आकडाही सांगितला होता, शून्य. तरी मी वाकून ऐकायचा प्रयत्न केला.

आईला काय सांगावं ते मला कळेना. ती पलंगाची कड चाचपत उजव्या हातापर्यंत गेली. गाठोडं सोडलं. बायकोची बोटं एकत्र दाबून, तळहात चोळत, ती एकेक बांगडी चढवू लागली. नर्स म्हणाली, "आजी, आत्ता नको." आईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. चार बांगड्या झाल्यावर बायकोनं मनगट हलवलं.

"हाय," आई म्हणाली. "हाय हितंच."

घरी आल्यावर सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. आई सवयीनं दुसऱ्या खोलीतून काहीतरी विचारायची आणि उत्तराची वाट बघत बसायची. बायकोला हातातलं टाकून तिच्यापर्यंत जावं लागायचं. ताट ठेवलं की ती आईचा हात धरून आधी चटणीवर, मग भाजीवर न्यायची. एकदा दारातल्या बादलीला अडखळून आई पडली. बादली सरकवायला बायको पलीकडून धावली होती, पण ओरडता आलं नाही. त्या संध्याकाळी मी तिला डोळे पुसताना पाहिलं. तिनं मला कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं आणि नको अशी मान हलवली. ती वाक्यं मी लावीन अशी भीती तिला वाटत असावी. मी ती लावली नाहीत, पुसूनही टाकली नाहीत.

पुढं केव्हातरी, ऑफिसमधून आलो तर स्वयंपाकघरातून पातेली आपटल्याचा आवाज येत होता. दुपारी आईनं काकूंपाशी बायकोच्या आमटीबद्दल काहीतरी म्हटलं होतं आणि ते तिनं ऐकलं होतं. तिनं ताट आणून ठेवलं, आईचा हात धरला नाही. समोर उभी राहिली आणि दोन्ही हात असे झटकले की सगळ्या बांगड्या एकदम खळखळल्या. पुन्हा झटकले.

आई पाटावर नीट सावरून बसली.

"भांडतीस व्हय? भांड. आईकतीया मी."