अर्जात न लिहिलेली बाब

म्हैसूरच्या कचेरीसमोर बसून मी आजवर असंख्य अर्ज लिहिले, आणि या व्यवसायाचा पहिला नियम कधी मोडला नाही: अर्जदाराच्या विरुद्ध जाणारी बाब कागदावर येता कामा नये. शिक्षण सातवीपर्यंतच झाले; तथापि माझ्या मसुद्यात खोट काढणारा साहेब अद्याप जन्मास यावयाचा आहे, अशी माझी समजूत होती.

सरगूरला दिलेली माझी कन्या तेथेच प्रसूत झाली. दुसऱ्याच दिवशी बाळ पांढरेफटक पडले, डोळ्यांत पिवळेपणा आला, म्हणून दोघींना म्हैसूरच्या मोठ्या इस्पितळात आणले. डॉक्टरीणबाईंनी आईची मागची हकिकत विचारली. तोंडी उत्तर देणे मला अप्रशस्त वाटले. बाकावर बसून दोन पाने लिहिली व सादर केली. विषय: नवजात बालिकेच्या रक्तक्षयाचे निदान होणेबाबत. त्यात 'सदर खेप पहिलीच असून माता निरोगी आहे' असे ठळक अक्षरांत नमूद केले.

बाईंनी ते वाचले आणि कपाळाला आठी घातली. "आईचा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह. पण पहिल्या खेपेला इतकं सहसा होत नाही. मग रक्त गेलं कुठे? आत कुठे वाहतंय, की जंतुसंसर्ग?"

"सखोल चौकशी व्हावी, ही नम्र विनंती," मी म्हणालो.

"अय्यो, सुम्मने गप्प बसा हो!" मागून आमचे कुटुंब कडाडले. "डॉक्टरम्मा, दोन वर्षांमागं, सरगूरजवळच्या एच. डी. कोट्याला, हिचं पोटातलं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं."

"त्यानंतर इंजेक्शन दिलं होतं?"

"कसलं इंजेक्शन? यांनी कुणाला सांगूच दिलं नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "अज्जा, हे का नाही लिहिलंत?"

"विरुद्ध जाणारी बाब..."

"कुणाच्या विरुद्ध?"

मी पेनाला टोपण लावले.

मग बाईंनी उलगडून सांगितले. त्या वेळीच, ते इंजेक्शन न दिल्याने, आईच्या रक्ताने पोटातल्या जिवाच्या रक्ताशी वैर धरले होते. तेच वैर आता या बाळाच्या रक्तपेशी फोडत होते. तपासणीत तसेच निघाले. बाळाचे रक्त बदलले. चौथ्या दिवशी नातीचे तळवे गुलाबी झाले.

घरी सोडताना परिचारिकेने एक छापील फॉर्म पुढे केला. 'यापूर्वीची गर्भधारणा' या रकान्यात मी मोठ्या अक्षरांत 'एक' लिहिले आणि, कोणी विचारले नसताना, कुटुंबास वाचून दाखवले.

"अक्षर झकास आहे," कुटुंब म्हणाले. "आता नातीला धरा."