बाबांनी तपासलेला कान

मिशी चिकटवायच्या गोंदाचा वास आला की आजही माझा हात कानाकडे जातो. मी ऑपेरात गाते. माझा आवाज मेझो, म्हणजे बायकांच्या सगळ्यात उंच आवाजापेक्षा खालचा, त्यामुळे बऱ्याचदा तरुण पुरुषांच्या भूमिका वाट्याला येतात.

२००४ साली तशी पहिली मोठी भूमिका मिळाली आणि मी मेडिकल सोडलं. ते सांगायला तालमीतून थेट लंडनच्या एजवेअर भागातल्या आमच्या घरी गेले, मिशीसकट. माझं बोलणं संपायच्या आत बाबांनी कानाखाली मारली. मी भिंतीवर आदळले. त्यांनी मिशी ओरबाडली, तिच्याबरोबर ओठावरची कातडी निघाली.

"डॉक्टरकी सोडून हे सोंग?" ते ओरडले आणि पुन्हा मारलं.

कानातून रक्त आलं तेव्हा थांबले. बाबा कानाचेच डॉक्टर. थरथरत्या हातानं टॉर्च धरून त्यांनी माझा कान तपासला.

"पडदा फाटलाय. सहा आठवडे गायचं नाही."

"बाबा, पहिला शो तीन आठवड्यांवर आहे."

त्यांनी टॉर्च बंद केला. मी गायले, एका कानानं.

त्यांच्या हाताची ती थरथर तेव्हा मला माफी वाटली होती. आता वाटतं, ते फक्त घाबरले होते.