केशरी दिव्याची पेटी

गुलाब रामटेके आणि मी केबलच्या टोळीत एकत्र होतो. चंद्रपूरकडच्या मूल गावापासून अहेरीच्या जंगलापर्यंत आम्ही नाल्या खोदल्या आणि केबल ओढली. टोळीचा एक नेम होता. सुटं टोक लोंबकळत ठेवायचं नाही. खोचायचं, नाहीतर बांधायचं. टोकात पाणी शिरलं की आठवड्याचं काम वाया जाई. तो नेम गुलाबच्या हातात मुरला.

आता तो मूलच्या एका राइस मिलमध्ये चौकीदार आहे. मी रोज त्याच्याजवळ बसायला जातो. मिलच्या ऑफिसातला नेटवर्क स्विच त्याच्या मुलानं, राजदीपनं बसवला. वजनकाट्याचा आणि बिलांचा कॉम्प्युटर ज्या पेटीत जोडतात, ती ही पेटी. दोन वर्षांपूर्वी राजदीप मोटरसायकलवरून पडून गेला. तेव्हापासून गुलाब रोज पेटीवरचा कोंडा पुसतो आणि गेटवर जाऊन बसतो. मुलाबद्दल बोलत नाही.

यंदा गेटवरचा कॅमेरा सारखा बंद पडू लागला. मालक गुणवंतरावांनी चंद्रपूरहून नेटवर्कचं काम करणाऱ्या रंजीताला बोलावलं. तिनं दुसरा वापरलेला स्विच आणला.

"हा कॅमेऱ्याले नेटच्या वायरीतूनच करंट देते. तुमच्यात ते नाई."

"आमच्यात काई जास्त हाय का?" गुलाबनं विचारलं.

"दोन्ही म्हातारेच, काका. तुमचा जरा हुशार. एकाच वायरचे दोन्ही टोकं त्याच्यात आले तर तो एक पोर्ट, वायर खोचायची एक जागा, बंद करते. याले ते कळत नाई."

"मंग हुशाराले काऊन काढता?"

"हुशारीनं कॅमेरा चालत नाई ना, भाऊ," गुणवंतराव म्हणाले.

तिनं पेटी बदलली, सगळ्या वायरी होत्या तशाच दुसरीत खोचल्या. सगळे दिवे एकदम फडफडू लागले. काट्याचा कॉम्प्युटर अडकला. बाहेर धानाचे ट्रॅक्टर खोळंबले.

"बाई, पहिलेचाच लावा. कॅमेरा गेला उडत," गुणवंतराव म्हणाले.

राजदीपची पेटी परत लागली आणि काटा चालू झाला. गुलाब दारात उभा होता, तो स्टुलावर बसला.

रंजीता पेटीकडे पाहत राहिली. "हा एकच दिवा केशरी काऊन? म्हणजे हा पोर्ट पेटीनं बंद केला हाय."

"तो तसाच राह्यते," गुलाब म्हणाला.

तिनं ती वायर हातानं चाचपत नेली. ती कपाटामागून वळून त्याच पेटीत परत आली होती.

"हे टोक कोणं खोचलं?"

गुणवंतराव बाहेर ट्रॅक्टरवाल्यांशी बोलत होते. गुलाब गप्प राहिला असता तर पेटी तिथेच राहिली असती. मला ते कळत होतं. त्यालाही कळत होतं.

"मी. लोंबकळत होतं."

"त्याच्यानंच नवा अडकला, काका. तुमची पेटी इतके दिवस सांभाळून घेत होती."

गुलाब उठला. टोक त्यानंच उपसलं, टेप गुंडाळली, खिळ्याला बांधलं. केशरी दिवा विझला. मग नवी पेटी लागली. काटा चालला, कॅमेराही चालला.

"जुनी घरी घेऊन जा," गुणवंतराव म्हणाले.

"घरी कांता हाय," गुलाब म्हणाला. कांता त्याची बायको, राजदीपची आई.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो नव्या पेटीवरचा कोंडा पुसत होता. राजदीपची पेटी खालच्या फळीवर होती. ती पुसून झाली होती.