फिरता पाट

गेल्या डिसेंबरात, विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी, बाईंचा फिरता पाट अर्ध्या फेरीत थांबला. पाटावर मुख्याध्यापक बसले होते.

"बाई, हा पाट जेवायला बरा," ते म्हणाले. "उद्या भंगारवाला येतोय. देऊन टाकू."

बाई आमच्या पनवेलच्या शाळेत अकरावीला भौतिकशास्त्र शिकवत. मी समोरच्या इमारतीत राहतो. प्रदर्शनाची बातमी करायला गेलो होतो. भिंगरी दिसली की भाजी विसरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई त्यांतल्या. कोणी काही विचारलं की म्हणायच्या, "सूत्र नंतर. आधी बसा."

पाट त्यांनी स्वतः बनवला होता. लाकडी फळी, तिच्याखाली न्हावा शेव्याच्या ट्रेलरचं टाकून दिलेलं बेअरिंग. ते पळस्प्याच्या गॅरेजवाल्या दादांनी दिलं होतं. आठवडाभरापूर्वी पाट छान फिरत होता.

बाईंनी दादांना फोन लावला.

"दादा, सकाळी पाट नीट बसवायला आलात, तेव्हा आणखी काही केलंत?"

"केला ना! परदर्शन हाय म्हनून ग्रीस गच्च भरलाय. आता गोव्याला नेली तरी बेरिंग तापनार नाय."

"अहो दादा, माझा पाट गोव्याला जात नाही! घट्ट ग्रीसनं तो अडतोय."

दादा मोटारसायकलवरून डिझेलचा डबा घेऊन आले. बेअरिंग धुतलं, शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडले. बाईंनी मुख्याध्यापकांना पुन्हा बोलावलं.

"आता काय?"

"सूत्र नंतर, सर. आधी बसा."

त्यांच्या दोन्ही हातांत वाळू भरलेल्या बाटल्या दिल्या. हात पसरलेले. बाईंनी हलकेच ढकललं. पाट सावकाश फिरू लागला.

"आता बाटल्या छातीशी घ्या."

घेतल्या. पाट सुसाट सुटला.

"अहो, थांबवा!" घाबरून त्यांनी बाटल्या आणखी घट्ट कवटाळल्या. वेग आणखी वाढला.

"सर, हात पसरा!" भोवती जमलेला अकरावीचा अख्खा वर्ग ओरडला. "हात पसरा!"

त्यांनी पसरले. पाट मंदावला. मुख्याध्यापक टेबल धरून उतरले, चष्मा नीट केला.

"भंगारवाल्याला येऊ नको म्हणावं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पुन्हा एकदा बसू का?"

दादा दाराशी हसत उभे होते. "बसा सर. बेरिंग आपलीच हाय."

बाई मे महिन्यात निवृत्त झाल्या आणि मुलीकडे नाशिकला गेल्या. पाट प्रयोगशाळेत आहे. मुख्याध्यापकांनी त्याला दादांकडून ट्रकचा सीट बेल्ट बसवून घेतला आहे.