तुलिओचा आगाऊ सत्कार

बारामतीच्या प्रेसरूममध्ये चहा आला की किस्से निघतात. पुढाऱ्यांचे सांगून संपतच नाहीत, म्हणून मी मध्येच तुलिओवर येतो.

तुलिओ हा इटलीचा टेनिसपटू. वय छत्तीस, उजवा खांदा दुखरा, प्रायोजक पळालेला. आमच्याकडच्या छोट्या इंटरनॅशनल टूर्नामेंटमध्ये पहिली मॅच जिंकला तर रँकिंग टिकणार, हरला तर करिअर संपलं. पण लोकांनी त्याला मॅचआधीच संपवून टाकला होता. माझं डोकं फिरलं ते तिथं!

*

पुण्याच्या डेस्कला फोन केला. "तुलिओची मुलाखत पाठवतोय."

"जिंकलाय का?"

"मॅच परवा आहे."

"मग जिंकल्यावर पाठवा."

"मंत्री बंधारा बांधणार, ही बातमी पहिल्या पानावर घेतलीत. बांधून होईपर्यंत थांबला होतात का?"

डेस्कवरच्या साहेबांनी फोन आपटला!

*

तुलिओच्या हॉटेलखाली मंगल कार्यालय. डीजेनं त्याला झोप लागेना. मी त्याला शेळगावला माझ्या दोस्ताकडे, डाळिंबवाल्या तात्यांकडे नेऊन ठेवला.

तात्यांनी पहिलं वय विचारलं. मी सांगितलं, "छत्तीस. सगळे म्हणतात, म्हातारा झाला."

"म्हातारा? आमच्या गावातला युवा नेता बावन्न वर्षांचा हाय!"

*

सकाळी तुलिओ बागेत गेला. झाडांना पानच नाही. "मेली का?"

तात्या म्हणाले, "न्हाय वो, ताण दिलाय. पाणी तोडलं की पानं गळत्यात. परत पाणी सोडलं की फुलतंय."

मी इंग्रजीत समजावलं. तुलिओ खांदा चोळत हसला. "मग मला पाणी कोण सोडणार?"

"आदी ताक तर घ्या, तुलिओराव!"

*

मॅचच्या दिवशी उद्घाटन. तुलिओ वॉर्म-अप करून उभा आणि माइकवर अध्यक्षांचं भाषण. सहकार झाला, ऊस झाला, कालव्याचं आवर्तन झालं. तुलिओचा खांदा पुन्हा गार पडला.

त्यानं मला हळूच विचारलं, "हे कितव्या राउंडला खेळणार आहेत?"

"हे बिनविरोध आलेत!"

*

भाषण संपलं. अध्यक्षांना लग्नाला जायचं होतं, म्हणून सत्कार मॅचच्या आधीच उरकला. आपल्याकडची रीतच ती! तुलिओच्या अंगावर शाल, हातात नारळ. मागच्या फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात: 'निवृत्तीनिमित्त हार्दिक सत्कार'.

मी संयोजक आबांना गाठलं. "आबा, त्यानं निवृत्ती कधी घेतली?"

"आज हारणारच हाय की! पुन्यांदा पाव्हणं कुठनं आणायचं?"

मी तुलिओला शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. मुद्दाम!

तो फ्लेक्सकडे बघत राहिला. मग नारळ वर धरला. "हे तुम्ही फोडता कधी?"

"नवं काम सुरू करताना."

कोर्टाकडेला दगडी रोलर होता. तुलिओ तिथवर गेला आणि त्याच दुखऱ्या हातानं नारळ आपटला. एका दणक्यात दोन शकलं! परत येऊन खोबऱ्याचा तुकडा आबांच्या हातावर ठेवला, अंगावरची शाल काढून आबांच्या खांद्यावर घातली, वाकून नमस्कार केला आणि सर्व्हिस करायला गेला.